झेंटँगल, चित्ररोजनिशी आणि साप्ताहिक रेखाटन

झेंटँगल ही ठरावीक सोप्या रेषांच्या पुनरावृत्तीतून लहान आकाराची अमूर्त नक्षी रेखाटण्याची पद्धती आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी ती विकसित केली. चित्ररोजनिशी, म्हणजेच आर्ट जर्नल, ही चित्र आणि लेखन यांचा मेळ घालून नियमितपणे भरली जाणारी वही होय. आठवड्याला एक विषय घेऊन त्यावर अनेकांनी आपापल्या ठिकाणी चित्र काढायचे, अशा उपक्रमाला साप्ताहिक चॅलेंज म्हणतात.

या तीनही गोष्टींचा उगम वेगवेगळा आहे. तथापि, चित्रकलेचे औपचारिक शिक्षण न घेतलेले अनेक हौशी लोक त्यांचा एकत्रित अवलंब करतात. दर आठवड्याला मिळणारा विषय झेंटँगलच्या नमुन्यांतून साकारायचा आणि तो चित्ररोजनिशीच्या पानावर उतरवायचा, असे या अवलंबाचे सर्वसाधारण स्वरूप असते. ‘चित्र काढता येत नाही’ या समजुतीमुळे शालेय वयानंतर पेन्सिल खाली ठेवलेल्या प्रौढांना पुन्हा रेखाटनाकडे वळवणे, हे या मेळाचे प्रमुख वैशिष्ट्य मानले जाते.

नाव आणि संज्ञा

‘झेंटँगल’ हा शब्द ‘झेन’ आणि ‘टँगल’ या दोन शब्दांच्या जोडणीतून बनला आहे. ‘झेन’ हे बौद्ध धर्माच्या ध्यानप्रधान संप्रदायाचे जपानी नाव असून ते संस्कृतातील ‘ध्यान’ या शब्दावरून चिनी भाषेमार्गे आलेले आहे. ‘टँगल’ म्हणजे गुंता. नावात ‘झेन’ असले तरी या पद्धतीत कोणत्याही धार्मिक उपासनेचा अंतर्भाव नाही. मनाची एकाग्रता एवढाच अर्थ तेथे अभिप्रेत आहे. ‘झेंटँगल’ हे नाव संस्थापकांच्या कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे.

या पद्धतीत वारंवार येणाऱ्या संज्ञा पुढीलप्रमाणे आहेत. ज्या चौरस कागदी तुकड्यावर नक्षी काढतात त्याला ‘टाइल’ म्हणतात. टाइलवर पेन्सिलीने फिकट ओढलेल्या आणि जागेचे लहान-मोठे भाग पाडणाऱ्या रेषेला ‘स्ट्रिंग’, म्हणजे दोरा, असे नाव आहे. या भागांत भरल्या जाणाऱ्या प्रत्येक नक्षी-नमुन्याला ‘टँगल’ म्हणतात आणि प्रत्येक टँगलला स्वतंत्र नाव असते. एखादा टँगल कोणत्या क्रमाने काढावा हे दाखवणाऱ्या छोट्या चौकटींच्या मालिकेला ‘स्टेप-आउट’ म्हणतात. मूळ टँगलमध्ये थोडा फेरफार करून तयार झालेला प्रकार ‘टँगलेशन’ या नावाने ओळखला जातो.

इतिहास

झेंटँगलचा उगम

मारिया थॉमस या व्यवसायाने सुलेखनकार व अक्षरकलाकार होत्या. रिक रॉबर्ट्स यांनी पूर्वायुष्यात काही काळ संन्यस्त जीवन व्यतीत केले होते. एका हस्तलिखितातील मोठ्या अक्षराची पार्श्वभूमी बारीक नक्षीने भरत असताना थॉमस यांना वेळेचे भान राहिले नाही आणि मन निवांत झाले. त्यांनी आपला अनुभव सांगितला तेव्हा हे वर्णन ध्यानाच्या अवस्थेचे आहे, असे रॉबर्ट्स यांच्या लक्षात आले. सुलेखनाची तयारी नसलेल्या माणसालाही हाच अनुभव घेता यावा यासाठी दोघांनी त्या कृतीतील गुंतागुंत वगळून तिचे सोप्या पायऱ्यांत रूपांतर केले. पुढे त्यांनी या पद्धतीच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केले. ते पूर्ण करणाऱ्यांना ‘प्रमाणित झेंटँगल शिक्षक’ असे संबोधले जाते. या शिक्षकांमार्फत पद्धतीचा प्रसार अमेरिकेबाहेरही झाला.

चित्ररोजनिशीची परंपरा

चित्र आणि मजकूर एकाच पानावर मांडण्याची प्रथा जुनी आहे. लिओनार्डो दा विंची याच्या वह्यांत यंत्रांचे आराखडे, शरीररचनेची रेखाटने आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या टिपणी शेजारी-शेजारी आढळतात. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग हा १९१८-१९च्या सुमारास लष्करी सेवेत असताना दररोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकृती चित्र काढीत असे. त्या दिवसाच्या मनःस्थितीचे प्रतिबिंब त्या चित्रात उमटते, असे त्याचे निरीक्षण होते. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिने आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांत भरलेली सचित्र रोजनिशी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जलरंग, शाई आणि हस्ताक्षर यांची सरमिसळ आहे.

हौशी लोकांसाठी चित्ररोजनिशीचा पुरस्कार करणाऱ्यांमध्ये न्यूयॉर्कचे लेखक डॅनी ग्रेगरी यांचे नाव महत्त्वाचे आहे. पत्नीला रेल्वे अपघातात अपंगत्व आल्यानंतर त्यांनी घरातील साध्यासुध्या वस्तू वहीत रेखाटायला सुरुवात केली. हा अनुभव त्यांनी ‘एव्हरीडे मॅटर्स’ (२००३) या पुस्तकात मांडला. या पुस्तकाच्या प्रभावातून एकत्र आलेल्या वाचकांनी दर आठवड्याला एखादी नेहमीच्या वापरातील वस्तू रेखाटण्याचा प्रघात सुरू केला. चित्ररोजनिशी आणि साप्ताहिक विषय यांचा मेळ झेंटँगलच्या प्रसाराआधीही लोकांना परिचित झाला होता, हे यावरून दिसते.

साप्ताहिक उपक्रम

एकविसाव्या शतकाच्या आरंभी पेनेलोपी डलाहन या अमेरिकी चित्रकर्तीने सुरू केलेल्या ‘इलस्ट्रेशन फ्रायडे’ या उपक्रमात दर शुक्रवारी एक शब्द जाहीर होत असे आणि पुढील आठवडाभरात त्यावर चित्र काढायचे असे. २००९ मध्ये जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने स्वतःचे शाईकाम सुधारण्याच्या हेतूने ऑक्टोबर महिन्यात दररोज एक शाईचित्र काढण्याचा संकल्प केला. त्यातून ‘इंकटोबर’ हा उपक्रम जगभर पसरला. ज्यांना रोज चित्र काढणे जमत नाही त्यांना दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा चित्र काढण्याची मुभा या उपक्रमात सुरुवातीपासून उपलब्ध झाली नसली तरी पुढे त्याच्या नियमांत समाविष्ट झाली. वर्षभर दर आठवड्याला एक विषय देणारा ‘इंकटोबर ५२’ हाही त्याचाच विस्तार होय. झेंटँगलचे अभ्यासकही परस्परांसाठी साप्ताहिक विषय ठरवू लागले. त्यांत एखादा विशिष्ट टँगल वापरणे, दोनच टँगल एकत्र आणणे, ठरावीक आकाराची स्ट्रिंग घेणे किंवा काळ्या कागदावर पांढऱ्या शाईने काम करणे, अशा अटी असतात.

साहित्य

झेंटँगलची मूळ टाइल ३.५ इंच, म्हणजे सुमारे ८.९ सेंटिमीटर बाजू असलेली चौरस असते. ती जाड सुती कागदाची असते. एका बैठकीत पूर्ण होईल आणि तळहातावर धरून फिरवता येईल, असा हा आकार आहे. रेखाटनासाठी जपानच्या साकुरा कंपनीचे ‘पिग्मा मायक्रॉन ०१’ हे पेन प्रचलित असून त्याची रेषा ०.२५ मिलिमीटर जाडीची असते. यातील शाई रंगकणयुक्त असल्याने वाळल्यावर पाण्याने पसरत नाही आणि उजेडाने सहसा फिकट होत नाही. याशिवाय एक पेन्सिल आणि छटा पसरवण्यासाठी कागदाची घट्ट गुंडाळलेली टोकदार सुरळी लागते. खोडरबराचा वापर केला जात नाही. पट्टी व कंपासही वापरत नाहीत.

चित्ररोजनिशीसाठी मात्र कागदाची निवड वेगळ्या कारणांनी करावी लागते. नेहमीच्या लेखनवहीचा कागद दर चौरस मीटरला ६० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. त्यावर शाईची नक्षी मागील बाजूस दिसते आणि जलरंगाने पान सुरकुतते. पेन आणि पेन्सिल एवढेच वापरायचे असल्यास १२० ते १५० ग्रॅमचा गुळगुळीत कागद पुरेसा होतो. रंगकामही करायचे असल्यास २०० ग्रॅम किंवा त्याहून जाड कागद सोयीचा ठरतो. फार खरखरीत कागदावर बारीक निबाचे टोक झिजते. महाग साहित्य ही या छंदाची पूर्वअट नाही. साधे काळे जेल पेन आणि पाठकोऱ्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे यांवरही सराव करता येतो; मात्र जेल पेनच्या बहुतेक शाया पाण्याने पसरत असल्याने त्यावर जलरंग देता येत नाहीत.

रेखाटनाची पद्धत

मूळ रेषा

सर्व टँगल पाच मूलघटकांतून तयार होतात: ठिपका, सरळ रेषा, साधी वक्ररेषा, नागमोडी वक्ररेषा आणि वर्तुळसदृश बंद आकार. अक्षरे लिहिता येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या हाताला या पाचही घटकांचा सराव आधीच झालेला असतो. देवनागरी लिहिणाऱ्याच्या बाबतीत शिरोरेषा आणि काना म्हणजे सरळ रेषा, वेलांटी म्हणजे वक्ररेषा, अनुस्वार म्हणजे ठिपका आणि ‘ठ’चा गोल म्हणजे बंद आकार होय. झेंटँगलचा ‘कोणालाही जमेल’ हा दावा मुख्यतः या वस्तुस्थितीवर आधारलेला आहे.

आठ पायऱ्या

मूळ पद्धतीत आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. १. हातातील साहित्य आणि मिळालेला वेळ यांबद्दल क्षणभर कृतज्ञता बाळगणे. २. टाइलच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके देणे. ३. ठिपके जोडून चौकट काढणे; ही चौकट सरळच असावी असा आग्रह नसतो. ४. चौकटीच्या आत स्ट्रिंग काढणे. ५. पेनने टँगल भरणे. ६. पेन्सिलीने छायांकन करणे. ७. पुढील बाजूस आद्याक्षरे आणि मागील बाजूस नाव, दिनांक व इच्छा असल्यास टिपण लिहिणे. ८. टाइल हातभर अंतरावर धरून पाहणे आणि पूर्ण झालेल्या कामाची दखल घेणे.

कोऱ्या कागदाची भीती घालवणे, हे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे खरे प्रयोजन आहे. चार ठिपके दिल्यावर कागद कोरा राहत नाही. स्ट्रिंगने भाग पाडले की संपूर्ण चित्राची जुळणी करण्याऐवजी एक छोटा भाग भरणे एवढेच काम समोर उरते. टाइलला वरची-खालची बाजू नसते, त्यामुळे काम करताना ती हवी तशी फिरवता येते. चित्र कशासारखेही दिसणे अपेक्षित नसल्याने ते ‘बिघडले’ असे ठरवण्याचे मापही उरत नाही. वाकडी गेलेली रेषा खोडली जात नाही. तिला धरून पुढची रेषा ओढली जाते.

काही प्रचलित टँगल

‘क्रेसेंट मून’ या टँगलमध्ये भागाच्या कडेने काळ्या अर्धचंद्राकृती काढून प्रत्येकीभोवती समांतर रेषांची वलये वाढवत नेतात. ‘हॉलिबॉ’मध्ये दोन समांतर रेषांचे पट्टे एकमेकांच्या खालून गेल्यासारखे काढून उरलेली जागा काळी करतात. ‘फ्लोर्झ’मध्ये रेषांची जाळी आखून तिच्या छेदनबिंदूंवर लहान काळे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन काढतात. ‘टिपल’ म्हणजे लहान-मोठे गोल एकमेकांना टेकवून मधल्या फटी शाईने भरणे. ‘पॅराडॉक्स’ हा टँगल केवळ सरळ रेषांचा असतो. त्रिकोण किंवा चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आधीच्या बाजूशी अगदी लहान कोन करणारी रेषा क्रमाने ओढत गेल्यास आत फिरत गेलेल्या वक्राचा भास निर्माण होतो. एकही वक्ररेषा न काढता वळण कसे दिसते, हे त्यातून समजत असल्याने भूमितीच्या विद्यार्थ्यांसाठीही हा टँगल उद्बोधक आहे.

तिन्हींचा मेळ

झेंटँगल, चित्ररोजनिशी आणि साप्ताहिक चॅलेंज यांपैकी प्रत्येकात एकेक उणीव आहे आणि ती इतर दोघांमुळे भरून निघते.

झेंटँगलची टाइल सुटी असते. अशा टाइल पेटीत साठत जातात; त्यांचा परस्परांशी किंवा त्या काढणाऱ्याच्या दिवसांशी संबंध उरत नाही. चित्ररोजनिशी त्यांना क्रम, दिनांक आणि संदर्भ देते. उलटपक्षी, चित्ररोजनिशी सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांची वही पहिल्या काही पानांनंतर कोरी राहते. आज काय काढावे आणि ते कसे काढावे, हे दोन प्रश्न दररोज नव्याने उभे राहतात. यांपैकी ‘काय’ या प्रश्नाचे उत्तर साप्ताहिक विषयातून मिळते आणि ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर झेंटँगलच्या पायऱ्यांतून. साप्ताहिक चॅलेंजची उणीव वेगळी आहे. तेथे बहुधा पूर्ण झालेले चित्र इतरांना दाखवायचे असते, त्यामुळे कुशल चित्रकारांच्या कामाशी तुलना होऊन नवशिक्या माघार घेतो. वहीच्या पानावर काढलेले चित्र दाखवायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो.

आठवड्याचा कालावधीही या मेळाला पोषक ठरतो. दैनिक उपक्रमात दोन दिवस चुकले की मागे पडल्याची भावना येते आणि उपक्रम सुटतो. मासिक उपक्रमात काम शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. आठवड्यात मात्र नोकरी, घरकाम किंवा परीक्षा सांभाळूनही अर्ध्या तासाच्या एक-दोन बैठका निघू शकतात.

आठवड्याची आखणी

समजा, एखाद्या आठवड्याचा विषय ‘पाऊस’ असा आहे. पहिल्या बैठकीत पावसाचे दृश्य न काढता विषयाशी जुळणाऱ्या रेषांचा शोध घेतला जातो: तिरप्या सरींसाठी समांतर रेषा, डबक्यांसाठी एकात एक वलये, थेंबांसाठी गोल. वहीच्या एका कडेला दोन सेंटिमीटरच्या चौकटी आखून त्यांत हे नमुने पायरीपायरीने करून पाहतात. हेच त्या टँगलचे स्टेप-आउट होय. पुढे विसर पडल्यास ते संदर्भ म्हणून उपयोगी पडते.

दुसऱ्या बैठकीत पानावर टाइलएवढा चौकोन घेऊन चार ठिपके, चौकट आणि स्ट्रिंग अशा क्रमाने काम केले जाते. स्ट्रिंगसाठी विषयातूनच आकार घेता येतो, उदा. खिडकीच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याची वाट. त्यानंतर दोन किंवा तीन टँगल निवडून भाग भरतात. एकाच पानावर फार टँगल वापरल्यास नजर कोठेच ठरत नाही, म्हणून नवशिक्यांनी तीनपेक्षा अधिक टँगल टाळावेत आणि एखादा भाग रिकामा सोडावा, हे इष्ट ठरते. काळ्या, मध्यम आणि पांढऱ्या भागांचा समतोल हा नक्षीच्या परिणामाचा मुख्य आधार असतो.

तिसऱ्या बैठकीत छायांकन आणि लेखन होते. जेथे एक आकार दुसऱ्याच्या खाली जातो तेथे पेन्सिलीची छटा दिल्यास सपाट नक्षीला खोली येते. उरलेल्या जागेत दिनांक, विषय, वापरलेल्या टँगलची नावे आणि त्या आठवड्याविषयी चार-पाच ओळी लिहिल्या जातात. लेखन सुवाच्य असावे अशी अट नसते. काही जण ओळी स्ट्रिंगच्या वळणाने लिहितात, काही जण लिहिलेल्या मजकुरावरच नक्षी काढून तो झाकून टाकतात. यामुळे मनातील गोष्ट कागदावर येते, परंतु दुसऱ्याला वाचता येत नाही.

वर्षभरात अशी सुमारे पन्नास पाने तयार होतात. पहिल्या आणि शेवटच्या पानांची तुलना केल्यास रेषेची स्थिरता, जागेची जाण आणि छायांकन यांतील बदल दिसून येतो. सुट्या टाइलपेक्षा वहीत हा बदल अधिक स्पष्टपणे जाणवतो, कारण तेथे फसलेली पानेही जागेवर राहतात.

विषय आणि अमूर्तता

या मेळात एक अंतर्विरोध आहे. झेंटँगल ही अमूर्त पद्धती असून तिचा परिणाम आधी ठरलेला नसतो. साप्ताहिक विषय मात्र बहुधा मूर्त वस्तूचे असतात: बूट, झाड, पक्षी, घर. वस्तूची बाह्यरेषा काढून ती टँगलने भरल्यास तयार होणाऱ्या चित्राला काटेकोर अर्थाने झेंटँगल म्हणत नाहीत. त्यासाठी ‘झेंटँगल-प्रेरित कला’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. रंगीत, मोठ्या आकाराची किंवा ओळखता येणारी आकृती असलेली कामे याच वर्गात मोडतात.

हा भेद केवळ नावापुरता नाही. पक्ष्याची बाह्यरेषा काढायची म्हटले की तो पक्ष्यासारखा दिसतो का, हा प्रश्न परत येतो आणि त्याबरोबर चुकण्याची भीतीही परतते. यावर दोन मार्ग अवलंबले जातात. पहिल्यात वस्तूऐवजी तिचा पोत, गती किंवा रचना घेतली जाते: झाडाऐवजी सालीच्या भेगा, पक्ष्याऐवजी पिसांची ओळ. दुसऱ्यात वस्तूची अगदी ढोबळ बाह्यरेषा हीच स्ट्रिंग मानली जाते आणि ती शाईने पक्की न करता नक्षी संपते तेथे आकार आपोआप दिसू दिला जातो. दोन्ही मार्गांत विषय पाळला जातो आणि पद्धतीचे मर्मही टिकते.

मानसिक परिणामांविषयीचे संशोधन

रेखाटनामुळे मन शांत होते, असा अनुभव अनेक जण सांगतात. झेंटँगलशी साम्य असलेल्या कृतींवर झालेले काही अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहेत.

अमेरिकेतील कर्री आणि कॅसर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तीन गटांत विभागण्यात आले. एका गटाने छापील मंडल रंगवले, दुसऱ्याने चौकटींची नक्षी रंगवली आणि तिसऱ्याला कोरा कागद देण्यात आला. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली. कोऱ्या कागदाच्या गटात तशी घट आढळली नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मंडलाचा परिणाम चौकटींपेक्षा अधिक दिसला. कागदावर आधीपासून असलेली रचना उपकारक ठरते, हा कर्री आणि कॅसर यांचा निष्कर्ष स्ट्रिंग आणि साप्ताहिक विषय यांचे महत्त्व समजण्यास साहाय्यभूत आहे.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांच्या २००९च्या प्रयोगात ४० जणांना एक कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवण्यात आला. ऐकताना कागदावरील आकार पेन्सिलीने भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक माहिती आठवली. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकृती केल्या. त्यानंतर सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी कमी झाली. पूर्वानुभव असलेले आणि नसलेले यांत विशेष फरक आढळला नाही.

हे चारही अभ्यास झेंटँगलवर झालेले नाहीत. अँड्रेड यांच्या प्रयोगात लक्ष ऐकण्याकडे होते, तर झेंटँगलमध्ये ते रेषेकडे असते. सहभागींची संख्या लहान होती आणि मोजमाप अल्पकाळापुरते होते. त्यामुळे झेंटँगल हा चिंता किंवा नैराश्य यांवरील उपचार आहे, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. कलोपचार ही प्रशिक्षित तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारी वेगळी शाखा आहे.

मर्यादा आणि आक्षेप

पहिला आक्षेप चित्रकला-शिक्षणाच्या दृष्टीने घेतला जातो. टँगलच्या सरावाने हात स्थिर होतो, परंतु निरीक्षण, यथादर्शन आणि मानवाकृती यांचे ज्ञान त्यातून मिळत नाही. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना संकल्पचित्र हा विषय परिचित असतो. त्यात दिलेल्या मापात पूर्वनियोजित, समतोल आणि रंगसंगतीयुक्त रचना अपेक्षित असते आणि तिला गुण दिले जातात. झेंटँगल हा त्याला पर्याय नाही. पुनरावृत्ती, लय आणि जागेची विभागणी एवढाच दोहोंतील समान भाग होय.

दुसरा आक्षेप व्यापारीकरणाचा आहे. शतकानुशतके लोककलांत असलेल्या नक्षीला नाव देऊन आणि ते नाव नोंदवून त्यावर साहित्य व प्रशिक्षण विकले जाते, असे टीकाकार म्हणतात. नोंदणी नक्षीची नसून नावाची आहे आणि घरी नक्षी काढण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. स्वतःचे वर्ग किंवा पुस्तक यांसाठी हे नाव वापरताना मात्र व्यापारचिन्हाचे नियम लागू होतात.

तिसरा आक्षेप मेळाच्या मुळाशी जाणारा आहे. ध्यानासाठी काढलेली नक्षी इतरांच्या पसंतीसाठी मांडली जाऊ लागली की रेषा ओढतानाच ती कशी दिसेल याचा विचार सुरू होतो. ठरलेली तारीख गाठण्यासाठी घाई होते आणि ज्या संथपणासाठी ही पद्धती निर्माण झाली तोच नाहीसा होतो. या कारणाने काही जण विषय साप्ताहिक ठेवतात, पण आठवडा चुकला तर तो भरून काढत नाहीत. काही जण पूर्ण झालेले पान लगेच न दाखवता काही आठवडे वहीतच राहू देतात.

महाराष्ट्रातील सदृश प्रथा

झेंटँगलच्या उगमाशी भारतीय लोककलांचा थेट संबंध नाही. तरीही मराठी वाचकाला या मेळातील काही अंगे ओळखीची वाटतात. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मांडून कोरी जागा मोडली जाते आणि मग रेषांनी आकृती बांधली जाते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीच्या निमित्ताने अंगणात काढल्या जाणाऱ्या चैत्रांगणात शंख, चक्र, गोपद्म, कमळ, सूर्य, चंद्र अशी नाव असलेली चिन्हे असतात. त्यांची मांडणी मात्र काढणाऱ्या हाताची असते. ठरलेला कालावधी, ठरलेली चिन्हे आणि स्वतःची रचना हे तिन्ही घटक तेथेही एकत्र येतात.

फरकही तितकाच ठळक आहे. रांगोळी चुकल्यास बोटाने किंवा फडक्याने पुसता येते आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून टाकली जाते. तिचे प्रयोजन मांगल्याचे असते आणि ती उंबरठ्याशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर असते. झेंटँगलची रेषा पुसली जात नाही, ती वहीत राहते आणि मुख्यतः ती काढणाऱ्यासाठीच असते. रांगोळीची सवय असलेल्या हाताला टँगल लवकर साधतात. पण न पुसता पुढे जाण्याची सवय त्याला नव्याने लावून घ्यावी लागते.